कुऱ्हाडीला दांडा नसतो तेव्हा

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सर्वांनी शाळेत करून दाखवलेला आहे. म्हणीचा दंश दांड्यात आहे. लोखंड परके असते, त्याने झाड तोडले तर त्यात नवल नाही. दांडा मात्र झाडाच्याच कुळातला. म्हणून कुऱ्हाड उचलणाऱ्याच्या हातात, नकळत का होईना, एका फितुरीची आठवण असते.

चेनसॉला असा दांडा नसतो. आपली वर्तमानपत्रे तिला 'यांत्रिक करवत' म्हणतात आणि लाकूडतोडे नुसतेच 'कटर' म्हणतात. हलक्या धातूचे कवच, पोलादाची लांब पट्टी, तिच्याभोवती धावणारी दातेरी साखळी आणि पेट्रोलवर चालणारे लहानसे इंजिन एवढाच तिचा संसार. लाकडाचा त्यात अंशही नाही. त्यामुळे आपली जुनी म्हण या यंत्राला लागू पडत नाही आणि नवी म्हण अद्याप कुणी घडवलेली नाही. भाषेने अजून पुरते आपलेसे न केलेल्या या यंत्रावर जीव लावणारी, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या करवती गोळा करून त्या पुन्हा चालू करण्यात संध्याकाळी घालवणारी माणसे अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत आणि स्वीडनमध्ये बरीच आहेत. त्यांच्या या छंदाविषयी मराठीच्या दोन अध्यापकांनी लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. आमचे म्हणणे असे की, जुन्या वाङ्मयाशी आपण कसे वागतो हा प्रश्न या छंदामुळे आम्हांला नव्याने विचारता आला. म्हणून हा प्रपंच.

आमच्यापैकी एकीला दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मावसभावाकडे राहण्याचा योग आला. शेजारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ राहत होते. तरुणपणापासून ते जंगलतोडीच्या कामावर होते. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटार उभी करायला जागाच नव्हती, कारण भिंतीभर फळ्यांवर जुन्या करवती मांडलेल्या होत्या: पिवळ्या मॅकुलॉक, लाल होमलाईट आणि काही जर्मन बनावटीच्या. टेबलावर एक मॅकुलॉक उघडून ठेवलेली होती. कुठल्याशा शेतघरातल्या अडगळीतून ती त्यांनी अगदी थोड्या पैशांत आणली होती.

दुरुस्तीचा क्रम पाहण्यासारखा होता. प्रथम त्यांनी प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहिला. मग धूर बाहेर पडण्याच्या भोकातून विजेरीच्या उजेडात पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का ते तपासले. फ्लायव्हील काढून त्याखालचे ठिणगीचे पॉइंट बारीक कानशीने घासले आणि त्यांच्यातील फट फिलर गेजने मोजून बसवली. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखा कडक झाला होता, तो बदलला. पेट्रोलची नळी हातात घेताच तुटली, तीही बदलली. आता यंत्र सुरू होईल असे वाटत असताना त्यांनी मुख्य दांडीच्या दोन्ही बाजूंची सीलेही काढायला घेतली. कशासाठी, असे विचारल्यावर म्हणाले, "सुरू झाले म्हणजे बरे झाले असे नसते. सील गळके असेल तर आत जास्तीची हवा जाते. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन खरवडला जातो. आजारी यंत्र सुरू झाले तर लवकरच मरते."

टू-स्ट्रोक इंजिन मराठी मध्यमवर्गाला नवे नाही. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घेणे, प्लग साफ करणे आणि तरीही किक लागेना तर स्कूटर एका बाजूला कलंडून पाहणे या विधींत आमच्या पिढीचे बालपण गेले. करवतीला मात्र वाकडे होण्याची चैन नव्हती, तो तिचा धर्मच होता. झाड पाडताना पट्टी आडवी धरावी लागते आणि पडलेल्या खोडाचे तुकडे करताना उभी. स्कूटरसारखा तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर तिरपा होताच बिघडे, म्हणून सुरुवातीच्या करवतींत इंजिन सरळ ठेवून पट्टीच फिरवण्याची सोय करावी लागे. विसाव्या शतकाच्या मध्यावर रबरी पडद्याचा कार्ब्युरेटर आला आणि यंत्र कोणत्याही अंगाने चालू लागले. झाड तोडणाऱ्या माणसाच्या शरीराच्या जितक्या अवस्था, तितक्या अवस्थांत ते त्याच्याबरोबर वाकू लागले.

या यंत्राचा इतिहासही एखाद्या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासासारखाच अनेक उगमांचा आहे. साखळीला दाते लावून कापण्याची कल्पना प्रथम शस्त्रक्रियेत वापरली गेली. जर्मन वैद्य बेर्नहार्ड हाइने यांनी १८३० मध्ये हाडे कापण्यासाठी हाताने फिरवायचे असे उपकरण बनवले होते. आंद्रेयास श्टील यांनी १९२६ मध्ये श्टुटगार्ट येथे विजेवर चालणारी करवत तयार केली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोलमार डोंगरावर पेट्रोलवरची करवत चालवून पाहिली आणि डोंगराचेच नाव आपल्या यंत्राला दिले. ही यंत्रे उचलायला दोन माणसे लागत. १९४९ मध्ये आलेल्या मॅकुलॉकच्या एका करवतीचे वजन पंचवीस पौंड, म्हणजे सुमारे अकरा किलो होते, आणि ती एकट्या माणसाला पेलत असे. १९५९ मध्ये श्टीलची 'कॉन्ट्रा' आली. तिने इंजिन आणि साखळी यांच्यामधला गिअर काढून टाकला आणि साखळीचा वेग वाढवला.

या सर्वांत आम्हांला विलक्षण वाटली ती साखळीची गोष्ट. पूर्वी साखळीचे दाते हातकरवतीच्या दात्यांसारखेच असत आणि त्यांना वारंवार कानस मारावी लागे. १९४६ मध्ये ऑरेगनमधील ज्यो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला लाकूड फोडताना एका ओंडक्यात अळी दिसली. ती जबड्याने डावीकडे-उजवीकडे, रेषांच्या उभी आणि आडवी, सारख्याच सहजतेने लाकूड पोखरत होती. त्या जबड्याची नक्कल करून त्याने आलटूनपालटून डावे-उजवे असे वाकडे दाते असलेली साखळी बनवली. आजही बहुतेक करवतींच्या साखळ्या त्याच कल्पनेवर चालतात. म्हणजे चेनसॉला दांडा नसला तरी दात आहेत आणि ते जंगलातूनच घेतलेले आहेत. गोतास काळ होण्याची परंपरा अशी आडवाटेने शिल्लक राहिली.

असो. मुख्य मुद्द्याकडे वळू.

जुनी करवत दुरुस्त करणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक यंत्र पूर्ण उघडतात, गंज घासतात, मूळ छटेचा रंग मिळवून लावतात आणि यंत्र कारखान्यातून आजच आले असावे तसे करून ठेवतात. दुसऱ्या पंथाला हे मान्य नाही. मुठीजवळ रंग उडालेला असेल तर तो तिथे वर्षानुवर्षे घासलेल्या तळहाताचा पुरावा आहे, तो का पुसायचा, असे ते विचारतात. शिवाय सुट्या भागांचा प्रश्न आहे. मॅकुलॉकची मूळ अमेरिकी कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तेव्हा एक यंत्र जगवायचे तर त्याच जातीची दोन यंत्रे मोडावी लागतात. तीन यंत्रांतून उभे राहिलेले हे चौथे यंत्र नेमके कोणते?

रॉबर्ट मॅकुलॉक यांच्याबाबत या प्रश्नाला एक गमतीदार जोड आहे. करवतींच्या या उद्योगपतीने १९६८ मध्ये लंडनचा जुना पूल २४ लाख ६० हजार डॉलरना विकत घेतला. एकोणिसाव्या शतकातल्या त्या पुलाच्या दर्शनी दगडांवर आकडे घालून ते ॲरिझोनाच्या वाळवंटात आणले गेले, काँक्रीटच्या नव्या सांगाड्यावर बसवले गेले आणि १९७१ मध्ये पूल पुन्हा उघडला. दगड तेच, नदी वेगळी आणि भार पेलणारे अंग नवे. हा लंडनचा पूल आहे की नाही?

मराठीच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न ओळखीचे वाटायला हवेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून ग्रंथ शुद्ध केला. हा मराठीतला सर्वांत प्रसिद्ध जीर्णोद्धार. एकनाथांनी ते काम कधी आणि का केले याची नोंद ग्रंथाच्या शेवटी करून ठेवली, हे त्यांचे मोठेपण. परंतु कोणते शब्द काढले आणि कोणते ठेवले याची यादी आपल्याजवळ नाही. म्हणून सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ मध्ये, इतिहासाचार्य राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि मूळ पाठ कोणता हा वाद अभ्यासकांना पुढे दीर्घकाळ पुरला. दुरुस्ती झाली हे कळते, दुरुस्तीत काय गेले ते कळत नाही. रंग लावणारे आणि रंग न लावणारे असे दोन पंथ आपल्याकडेही आहेत, ते असे.

मात्र एका बाबतीत करवतींचे दोन्ही पंथ सहमत आहेत, आणि तिथे ते आमच्या पुढे आहेत. यंत्र चालले पाहिजे. न चालणारी करवत कितीही सुंदर दिसली तरी त्यांच्या लेखी ती शोभेची वस्तू. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांना विश्रांती देऊन त्यांची पूजा करतात; वर्षभर राबलेल्या अवजाराला तो एक दिवस मिळतो. इथे उलट आहे. वर्षभर फळीवर विसावलेले यंत्र एका दिवसापुरते कामाला लावतात. ऑरेगनच्या त्या गृहस्थांनीही डोक्यावर शिरस्त्राण, कानांवर जाड झाकणे आणि पायांना संरक्षक आवरण असा सरंजाम करून दोरी ओढली. चौथ्या ओढीला यंत्र पेटले आणि निळसर धूर निघाला. त्यांनी एका ओंडक्याची जाड चकती कापली, पाच-सात मिनिटांनी यंत्र बंद केले, उरलेले पेट्रोल काढून घेतले आणि यंत्र पुसून ठेवले.

ही हकीकत आम्ही परतल्यावर एम.ए.च्या वर्गात सांगितली. वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी गोरेगावची आहे. आरेची झाडं पाडली त्या रात्री आम्ही हा आवाज ऐकलाय. तो आवाज कुणाला आवडू शकतो हेच मला कळत नाही. ही यंत्रं वितळवून टाकायला हवीत."

वाचकांना आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवण्यास सांगितले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. कुऱ्हाडींनी हे काम इतक्या वेळात झाले नसते. तोडणारा आणि तोडू नका म्हणणारा यांच्यात पूर्वी वेळ असे. चेनसॉने तो वेळ काढून घेतला.

त्या मुलीच्या बोलण्यावर आम्हांला त्या तासाला उत्तर देता आले नाही. आजही पुरते देता येईल असे नाही. तिच्या बाजूने आणखीही सांगता येते. ज्या करवतींचे आम्ही इथे कौतुक केले, त्यांनीच अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील शेकडो वर्षांचे डग्लस फर वृक्ष आडवे केले. त्यांवर राबणाऱ्या मजुरांचे कान गेले. कंपनाने बोटांतला रक्तप्रवाह मंदावून ती पांढरी पडण्याचा विकार जडला. हातांपर्यंत कंपन पोहोचू न देणाऱ्या मुठी आणि पट्टी उसळल्यास साखळी थांबवणारे ब्रेक १९६० आणि ७० च्या दशकांत आले. त्यापूर्वीच्या यंत्रांत ते नाहीत. 'जुने ते सोने' हे इथे सरळसरळ खोटे आहे. यंत्रावर पाच मिनिटे हौस करणे वेगळे आणि त्यावर तीस वर्षे पोट भरणे वेगळे.

पण आपल्या अंगणातही डोकावून पाहू. जात्याविषयी आपण असेच बोलत नाही का? आज जाते गावरान थाटाच्या उपाहारगृहांच्या दारात मांडलेले असते, लग्नघरी हळदीपुरते पूजले जाते, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी जात्यावरच्या ओव्यांचे सौंदर्य उलगडून दाखवतो. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज उपलब्ध आहेत. त्या ओव्यांत मायेइतकाच सासुरवासही आहे. पहाटेच्या अंधारातला थकवा आहे. दळणाची गिरणी आली तेव्हा कुठल्या बाईने जात्यासाठी डोळ्यांत पाणी आणले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

तेव्हा आम्ही एक प्रयोग केला. विभागातल्या शिपाईमामांच्या घरून जुने जाते आणले. त्याचा खुंटा नवा बसवावा लागला आणि पाळू इतकी गुळगुळीत झाली होती की टाकी लावून घ्यावी लागली. टाकी लावणारा माणूस शोधायलाच तीन आठवडे गेले. मग ओव्यांच्या तासाला वर्गात जाते मांडले आणि मुलामुलींनी आळीपाळीने अर्धा शेर ज्वारी दळली. दहा मिनिटांत खांदे भरून आले. पाठ्यपुस्तकातली ओवी म्हणत दळू लागल्यावर एकाच्या लक्षात आले की, ओळ कुठे तोडायची ते खुंटा पुढे येतो तेव्हा हातच सांगतो. दुसरी म्हणाली की, एवढ्या धापेत कुणी गाणे रचत असेल हे तिला खरेच वाटले नव्हते. मागच्या बाकावरची ती मुलगीही दळायला बसली होती. पीठ जाडेभरडे आले. शिपाईमामांनी घरी नेऊन त्याच्या भाकऱ्या केल्या.

त्या दिवसापासून आमचे मत पक्के होत गेले, ते असे. जुनी वस्तू जपण्याचा हक्क, ती चालवून पाहण्याची तयारी असलेल्यालाच पोहोचतो. चालवल्याशिवाय तिच्यातले श्रम कळत नाहीत आणि तिचा दोषही कळत नाही. न चालवता केलेले कौतुक आणि न चालवता केलेला धिक्कार ही दोन्ही ऐकीव मते. आज आमच्या विषयाचे बरेचसे अध्यापन असेच ऐकीव झालेले आहे. ज्ञानेश्वरीची एक ओवी मोठ्याने न वाचता 'ज्ञानेश्वरीची भाषिक वैशिष्ट्ये' दहा गुणांसाठी लिहिता येतात. 'अपेक्षित'मध्ये ती क्रमवार दिलेली असतात. पोथीला हळदकुंकू वाहणारे आणि पोथी कालबाह्य म्हणणारे यांच्यात एक गोष्ट समान आहे. दोघांनीही ती उघडलेली नसते.

एवढ्याने मात्र त्या मुलीच्या आक्षेपाचे उत्तर होत नाही. चालवून पाहणे पुरेसे नाही. इथे त्या वृद्ध गृहस्थांची एक सवय सांगायला हवी, जी त्या वेळी आम्हांला किरकोळ वाटली होती. दुरुस्त झालेल्या प्रत्येक करवतीला ते सुतळीने एक पुठ्ठ्याचे कार्ड बांधतात. यंत्र कुठे सापडले, कोणता भाग कोणत्या यंत्रातून घेतला, कोणता नवा आहे, हे त्यावर लिहिलेले असते. त्यांनी स्वतः वापरलेल्या एका करवतीच्या कार्डावर आणखी काही होते: डोंगराचे नाव, वर्षे आणि खाली 'आता तिथे काही नाही' एवढी एक ओळ. १९९० मध्ये तिथल्या ठिपकेदार घुबडाला संरक्षण मिळाले आणि १९९४ च्या आराखड्यानंतर सरकारी जंगलांतली तोड फार घटली, तेव्हा त्यांची नोकरी गेली. त्याविषयी ते कडवटपणे बोलत. पण कार्डावर त्यांनी घुबडाविषयी लिहिले नव्हते.

पोथ्या हाताळणाऱ्यांना हे कार्ड ओळखता येईल. ही पुष्पिका आहे. लेखनिक ग्रंथाच्या शेवटी आपले नाव, गाव, तिथी लिहितो, कोणासाठी नक्कल केली ते सांगतो आणि चुकांची क्षमा मागतो, ती पुष्पिका. आमची सूचना इतकीच की, कोणत्याही जीर्णोद्धाराला पुष्पिका हवी आणि त्या वस्तूने काय तोडले तेही तिच्यात हवे. करवतीच्या पुष्पिकेत डोंगर यावा. जात्याच्या पुष्पिकेत पहाटे उठवली गेलेली सून यावी. आपण अभ्यासक्रमात लावतो त्या संपादित आवृत्त्यांच्या पुष्पिकेत, विद्यार्थ्यांसाठी म्हणून कोणत्या ओळी गाळल्या आणि का, हे यावे. एकनाथांनी शक नोंदवला; आपण गाळलेल्या ओळींचा आकडाही नोंदवत नाही.

हे सर्वांना पटेल असे नाही. वितळवून टाकण्याची बाजू आजही आम्हांला पुरती चुकीची वाटत नाही. वितळवलेल्या यंत्राला पुष्पिका बांधता येत नाही, एवढीच आमची अडचण आहे.

जाते विभागातच ठेवले आहे. पुढच्या सत्रात ओव्यांचा तास पुन्हा त्याच्यापासून सुरू होईल. त्याला बांधायचे कार्ड लिहिण्याचे काम आम्ही त्या गोरेगावच्या मुलीकडे दिले आहे. तिने शिपाईमामांच्या आईला भेटून आल्याशिवाय ते लिहिणार नाही असे सांगितले आहे. तूर्त कार्ड कोरे आहे.